कॅलरी मोजायच्या की ताट सुधारायचं? वजनाचा प्रश्न, घरच्या जेवणाच्या हिशेबाने

ताटवाटी

ऑफिसात डबे उघडले की निदान एक जण तरी मोबाइल काढतो, अ‍ॅपमध्ये 'एक वाटी भाजी, तीन पोळ्या' भरतो आणि '१५०० मध्ये बसवलंय' म्हणून खूश होतो. माझ्या मते हा खटाटोप उलट्या टोकाने चाललाय. आधी ताटात काय आहे ते बघा, आकडे लागलेच तर नंतर.

शंभर कॅलरी पोटात गेल्यावर शंभर राहतातच असं नाही. प्रथिनं पचवण्यात त्यांतल्याच २० ते ३० टक्के खर्ची पडतात, पिष्टमय पदार्थांत ५ ते १०, तेल-तुपात जास्तीत जास्त ३. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली बदामावर प्रयोग केला. २८ ग्रॅम बदामांतून नेहमीच्या हिशेबाने १७० च्या आसपास कॅलरी मिळायला हव्या होत्या, मिळाल्या १२९. अख्खा दाणा नीट फुटत नाही आणि त्यातलं थोडं तेल तसंच बाहेर जातं.

शिवाय भूक. १९९५ मध्ये सिडनीत ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींचे करून लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते नोंदवलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि क्रोसाँला ४७. कॅलरी तेवढ्याच!

तिसरा मुद्दा अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगाचा. २० माणसं महिनाभर संशोधन रुग्णालयात ठेवली, दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. पुढ्यात येणाऱ्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चोथा (फायबर) सारखाच. खायचं मन भरेल तेवढं. तयार अन्नाच्या दोन आठवड्यांत रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या आणि वजन साधारण ९०० ग्रॅम वाढलं. साध्या अन्नावर जवळपास तेवढंच उतरलं. कुणालाही कॅलरी मोजायला सांगितलं नव्हतं.

ग्रॅमभर

ताई, हॉलचा प्रयोग तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात. वजन वाढलं ते ५०० कॅलरी जादा गेल्या म्हणून. त्यात आणखी एक गोम आहे. तयार अन्नात चोथा कमी भरत होता, तो सरबतांत मिसळून बरोबरी साधली होती. पेयं बाजूला काढली तर त्या ताटातल्या घन पदार्थांत ग्रॅममागे जवळजवळ दुप्पट कॅलरी होत्या. म्हणजे कमी घासांत जास्त कॅलरी. आणि हे करायला कारखाना लागत नाही, आपलं स्वयंपाकघरही त्यात पटाईत आहे.

उपासाची साबुदाणा खिचडी घ्या. घरची, साजूक तुपातली, दर्जाबद्दल शंका नाही. एका माणसाच्या प्लेटीत कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम (२१० कॅलरी), दाण्याचं कूट ३० ग्रॅम (१६५), तूप १० ग्रॅम (९०), अर्धा बटाटा (३५). झाल्या ५००. ३० ग्रॅम कणकेच्या पाच कोरड्या पोळ्या एवढ्या. आणि संकष्टीला ही 'हलकं काहीतरी' म्हणून खाल्ली जाते, वर राजगिऱ्याचा लाडू.

चहातल्या साखरेऐवजी गूळ घालणारे तर मुंबईत गल्लोगल्ली भेटतील. साखर १०० ग्रॅमला ४००, गूळ साडेतीनशे-पावणेचारशे. दर्जा बदलला म्हणून दोन चमचे जास्त पडतात आणि हिशेब उलटा होतो. मल्टिग्रेन बिस्किटांचं पाकीट पालथं करून वाचा, बहुतेक वेळा १०० ग्रॅमला साडेचारशेच्या पुढेच आकडा असतो, मैद्याच्या बिस्किटाशी जवळपास बरोबरी.

उलट बाजूचं उदाहरण: कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक, चिप्स असल्या अन्नावर राहिले. दिवसाला १८०० च्या आत. वजन १२ किलो उतरलं.

ताटवाटी

हॉब रोज प्रोटीन शेक आणि व्हिटॅमिनची गोळी घेत होते, थोड्या भाज्याही खात होते, ते सांगायचं राहिलं. आणि एक प्राध्यापक दहा आठवडे दात-ओठ खाऊन काय करू शकतो हा प्रश्नच नाही. घरादारात राहून, लग्न-बारशी सांभाळून वर्षभर काय टिकतं, हा प्रश्न आहे. स्टॅनफर्डचा २०१८ चा प्रयोग त्यासाठी बघा. ६०९ जण, पूर्ण एक वर्ष. अर्ध्यांना स्निग्ध कमी, अर्ध्यांना पिष्ट कमी. दोन्हींना सांगितलं ते एवढंच की भाज्या भरपूर घ्या, साखर-मैदा टाळा, शक्यतो घरी शिजवा. कॅलरीची मर्यादा घालून दिली नव्हती. सरासरी एकांचं ५.३ किलो कमी झालं, दुसऱ्यांचं ६.

खिचडीबद्दल म्हणाल तर मी तिला दर्जेदार म्हणतच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. 'घरचं' आणि 'दर्जेदार' हे एकच, हा समज तुम्ही माझ्या गळ्यात मारताय. प्रथिनं, चोथा आणि पाण्याचा अंश, हे तीन बघायचे. तीनशे कॅलरींची मटकीची उसळ-भाकरी आणि तीनशे कॅलरींचा वडापाव यांत चार तासांनी कोण पुन्हा खायला शोधतं ते बघा.

७.५२_स्लो

दोघांचंही बरोबर असेल, पण मुंबईत माणूस जाड होतो तो दोन वेळच्या जेवणांच्या मधे. डबा एकला संपतो. घरी पोचायला साडेनऊ. मधे साडेआठ तास, त्यात तीन कटिंग आणि स्टेशनच्या जिन्याखालचा वडा. कटिंगमध्ये दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध धरलं तर ७० च्या आसपास, तीन म्हणजे २००. वडापाव २५० ते ३००. मग दहा वाजता पोटात वणवा पेटलेला, त्यावर डोंगराएवढा भात.

यावर अ‍ॅप काय करणार, आणि दुपारी कितीही सुधारलेलं ताट काय करणार? सहा वाजता काहीतरी खा. ४० ग्रॅम फुटाणे, म्हणजे एक मूठ भरून वर थोडे, साधारण १५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. किंवा दोन उकडलेली अंडी, तेवढ्याच कॅलरी, १२ ग्रॅम. डब्याच्या वरच्या खणात बसतात. डब्यातला वास चालत नसेल तर चणे.

ताटवाटी

\+१. हा दर्जाचाच मुद्दा झाला बरं का.

ग्रॅमभर

आकडे तर त्यांनीही दिलेच!

वसईकर_सुनीता

एक अडचण कुणीच बोलत नाहीये. मोजणार कोण? एका कढईत सहा जणांची भाजी होते. फोडणी घालणारी सासू, खाणारे सहा, अ‍ॅप एकाच्या मोबाइलमध्ये. तो भरतो 'एक वाटी भाजी'. त्याची वाटी १०० मिलीची की २०० ची, हे अ‍ॅपला कसं कळावं? अ‍ॅपमधली 'घरची भाजी' तरी कुणा तिऱ्हाइताने भरलेली असते. अशा आकड्यांवर विसंबून दीड हजाराच्या गप्पा म्हणजे अंधारात तीर.

ग्रॅमभर

सुनीताताई, वाटीने मोजणं निरुपयोगी, हे शंभर टक्के मान्य. १९९२ मधला एक गाजलेला अभ्यास आहे. 'कमी खाऊनही वजन हलत नाही' म्हणणाऱ्या लोकांचं खाणं शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासलं, तर ते खरं खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. मुद्दाम खोटं नव्हे, अंदाजच तसे चुकतात. म्हणून वाटी नको, काटा हवा. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. सहा जणांची कढई असली तरी पद्धत तीच.

रिकाम्या कढईचं वजन एकदाच करा आणि फ्रिजवर कागद चिकटवून लिहून ठेवा. समजा ८५० ग्रॅम. फ्लॉवर-बटाट्याची भाजी करायची आहे. फ्लॉवर ५०० ग्रॅम (१२५ कॅलरी), बटाटा २०० ग्रॅम (१५०), ओलं खोबरं २० ग्रॅम (७५). तेलासाठी बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, फोडणीला ओता, परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. बहुतेक घरांत तो ३० च्या खाली नसतो. ३० ग्रॅम म्हणजे २७० कॅलरी. बेरीज ६२०.

भाजी झाली की कढईसकट वजन करा. १६०० भरलं तर भाजी ७५०. म्हणजे ग्रॅमला ०.८३. तुमच्या ताटात १५० ग्रॅम वाढली तर १२५ कॅलरी. सासूबाईंना काही विचारायची गरज नाही, बाटली तेवढी काट्यावर ठेवू द्या म्हणजे झालं.

आता त्या ६२० मधल्या २७० कुठून आल्या बघा. भाजीतून नव्हे, फोडणीतून. तेल १५ ग्रॅमवर आणलं की तीच १५० ग्रॅम भाजी १०० च्या आत येते. चव बिघडते ती तेल कमी केल्याने नव्हे, कमी तेलात मोठ्या आचेवर मसाला जळतो त्यामुळे. मोहरी तडतडली की आच मंद करा, हळद-तिखट घालून लगेच दोन चमचे पाणी, मग भाजी, वर झाकण आणि झाकणावर पाणी.

सर्वांत जास्त गफलत भातात होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५५ कॅलरी, त्याचा भात होतो २७० ते ३०० ग्रॅम. शिजलेला भात तोलून अ‍ॅपमध्ये 'तांदूळ, कच्चा' निवडला की आकडा जवळजवळ तिप्पट. उलटं केलं की एक तृतीयांश, आणि मग 'मोजूनही वजन उतरत नाही' ही तक्रार. डाळीलाही हेच.

ताटवाटी

हे सगळं रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षं? पंधरा दिवसांत काटा माळ्यावर जाईल.

ग्रॅमभर

रोज कोण म्हणतंय? घरात फिरून फिरून त्याच पंधरा-वीस भाज्या असतात. प्रत्येक एकदा मोजली की काम संपलं. त्यानंतर फक्त तेल मोजायचं.

तेही नको असेल तर महिन्याचा हिशेब करा. ५ लिटरचा डबा चौघांना महिनाभर पुरत असेल, तर लिटरला ९१० ग्रॅम धरून माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतल्या २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. जादा ११ ग्रॅम म्हणजे १०० कॅलरी रोज, आणि यात पोळीवरचं तूप धरलेलंच नाही.

वसईकर_सुनीता

तळणीचं उरलेलं तेल यातून वजा करा, नाहीतर दिवाळीच्या महिन्यात घर उगाच बदनाम होईल. बाकी हिशेब पटला. मोठ्या डब्यातून थेट ओतण्याऐवजी आठवड्याचं तेल छोट्या बरणीत काढून ठेवावं. चौघांना २७ ग्रॅमने आठवड्याला ७५० ग्रॅम होतं, तूप वेगळं धरलं तर तेल ६०० पुरे. बरणी शुक्रवारी संपली तर शनिवार-रविवार उकडलेलं आणि भाजलेलं. काटा नाही, अ‍ॅप नाही.

आणि ज्यांना आकड्यांचा ध्यास लागतो, एक बिस्कीट खाल्लं की रात्रीचं जेवण रद्द करतात, विशेषतः वयात आलेल्या मुली, त्यांच्या हातात अ‍ॅप देऊच नये.

७.५२_स्लो

वजन करण्याबद्दलही कुणीतरी लिहा. सोसायटीत लोक एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहून 'एक किलो उतरलं' सांगत फिरतात.

ग्रॅमभर

पाणी ते. शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे राखीव साखरेबरोबर) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, एक दिवस कमी खाल्लं की दोन्ही जातात आणि जेवलं की परत येतात. शनिवारी रात्री हॉटेलातलं खारट खाल्लं की रविवारी उलटा प्रकार. किलोभर चरबीत ७७०० कॅलरी असतात, ती एका एकादशीत जात नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. रोजच्या आकड्याला भाव देऊ नका.

ताटवाटी

आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. वजन तेवढंच राहून कंबर वाढणारे पुष्कळ आहेत.

नवखा_ठाणे

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. डब्यात तीन पोळ्या-भाजी, रात्री वरण-भात-भाजी, संध्याकाळी ऑफिसखाली जे मिळेल ते. पहिला बदल कोणता करू, एकच सांगा.

ताटवाटी

तिसरी पोळी काढा, तिच्या जागी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. कॅलरी थोड्या जास्तच, १३० अधिक फोडणीचं तेल, पण ९ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा. संध्याकाळचं 'जे मिळेल ते' आपोआप अर्ध्यावर येईल.

ग्रॅमभर

पोळी राहू द्या. एक आठवडा फक्त दोन गोष्टी लिहा: संध्याकाळी काय खाल्लं आणि भाजीत तेल किती गेलं. आठ दिवसांनी इथेच टाका, कात्री कुठे लावायची ते तेव्हा सांगतो.

७.५२_स्लो

तोवर चणे घेऊन ठेवा. खारवलेले नकोत.