मदत हवी आहे: किडनीच्या त्रासात आईचं हिमोग्लोबिन वाढत नाहीये

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. आईला बऱ्याच वर्षांचा डायबेटिस, त्यातून किडनीचा त्रास. डायलिसिस अजून नाही, पण हिमोग्लोबिन ८.४ वर अडकलंय. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहते, बोलायलाही दम पुरत नाही. नातेवाईक बीट आणि खजूर सुचवतात; दोन्हींत पोटॅशियम भरपूर, त्यामुळे आम्ही देत नाही. शिवाय आयर्न आणि बी-१२ चे रिपोर्ट चांगले आलेत.

डॉक्टरांनी छान समजावलं. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण त्या बनवायचा निरोप मुख्यतः किडनीकडून जातो, एरिथ्रोपोएटिन या हार्मोनमधून. किडनी थकली की निरोपच कमी पडतो. एरवी नवी पेशी हिमोग्लोबिन भरून घेते, स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते आणि रेटिक्युलोसाइट म्हणून रक्तात उतरते. एक-दोन दिवसांत ती पक्व होते आणि साधारण १२० दिवस ऑक्सिजन वाहते. आईचा रेटिक्युलोसाइट काउंट कमी आलाय, म्हणजे नवी भरतीच होत नाहीये.

आता एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं सुरू करायची आहेत. ज्यांच्या घरी ती चालू आहेत त्यांनी कृपया सांगा: बीपी वाढलं का? तिला आधीच बीपीची गोळी आहे, मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. घरी येऊन इंजेक्शन देणारी नर्स कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाच्या माहितीत आहे का? आणि ही इंजेक्शनं नीट फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या पॅकमध्ये देणारं मेडिकल कुठलं?