नवीन पोरं दोन-दोन दिवस अडून बसतात, पण विचारत नाहीत. काय करावं?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. संभाजीनगरात आमची सात जणांची टीम आहे. अडत दुकानांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, गिऱ्हाइकं लातूर, जालना, हिंगोलीकडची. यंदा तीन फ्रेशर (कॉलेजातून नुकतीच आलेली पोरं) घेतले. जावा बरं येतं, कष्टाळू आहेत. पण अडले की गप्प बसतात, आणि मग एकदम ८००-९०० ओळींचा पुल रिक्वेस्ट (केलेला कोड तपासून मूळ कोडात घ्या, अशी विनंती) येतो. तपासण्यात सिनियरचा अर्धा दिवस जातो आणि शेवटी तोच सगळं परत लिहितो. सिनियर दोघंच. त्यांचा वेळ कसा लावावा?

पैठणगेट:
आधी कामाचा आकार बघा. ‘पट्टीचं (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाचं) मॉड्यूल कर’ हे नव्या माणसाला द्यायचं काम नव्हे. ‘पट्टीत हमाली आणि तोलाई वेगळ्या ओळीत दाखव’ हे काम. एका दिवसात संपेल, बदल २०० ओळींच्या आत राहील एवढंच द्या. सोबत लिहून द्या: कोणत्या फाईलपासून सुरू करायचं, काय दिसलं की काम झालं, आणि कशाला हात लावायचा नाही.

पहिला कमिट (नोंदवून ठेवलेला बदल) रीडमीचा, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालू करायचा ते सांगणाऱ्या फाईलचा, करून घ्या. रीडमी वाचून मशीन उभी करायची, जिथं अडलं तिथं रीडमीच दुरुस्त करायची. ब्रँच (कोडची वेगळी फांदी), रिव्ह्यू (तपासणी), मर्ज (मूळ कोडात मिसळणं) सगळं शिकून होतं आणि काही मोडत नाही.

अडल्यावर अर्धा तास स्वतः झटायचं, मग ग्रुपवर लिहायचं: काय करायचं होतं, काय झालं, काय काय करून पाहिलं, तुझा अंदाज काय. एरर पूर्ण चिकटवायची, स्क्रीनचा फोटो नको. खरं कारण बहुतेक वेळा खाली ‘कॉज्ड बाय’च्या ओळीत असतं आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. आणि प्रश्न मराठीत चालेल हे स्पष्ट सांगा. मराठी माध्यमातली बरीच पोरं इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या भीतीनंच गप्प असतात.

बालाघाट:
वरच्याशी सहमत, पण खरं शिकणं रिव्ह्यूत होतं. सिनियरनं परत लिहिलं की पोराच्या हाती काही लागत नाही.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. वजन गुणिले भाव, आणि पोरानं रक्कम ‘डबल’मध्ये, म्हणजे जावाच्या अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवली. ‘बिगडेसिमल (अचूक दशांशाचा प्रकार) वापर’ एवढीच कमेंट टाकली तर तो बिगडेसिमल तयार करताना त्याच्या कन्स्ट्रक्टरला डबलच देईल, आणि डबलमधली चूक जशीच्या तशी आत जाईल. त्याऐवजी टेस्ट (कोडचं उत्तर आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहायला सांगा: ०.१ गुणिले ३ बरोबर ०.३. डबलमध्ये उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं आणि टेस्ट लाल होते, म्हणजे नापास होते. ते डोळ्यांनी बघू द्या. मग तोच आकडा बिगडेसिमलला स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) म्हणून देऊन बघायला सांगा. पुढचे दोन खड्डेही टेस्टनंच दाखवा: ‘इक्वल्स’ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, म्हणून तुलना ‘कंपेअरटू’नं, आणि १ भागिले ३ करताना राउंडिंग (किती दशांशांवर, कसं थांबायचं) दिलं नाही तर एक्सेप्शन येतं, म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. राउंडिंग दर ओळीला की बेरजेला, हे मात्र पोरावर सोडू नका. ते दुकानदाराला विचारून ठरवा, नाहीतर ओळींची बेरीज आणि खालचा एकूण आकडा जुळणार नाही.

कमेंटला ‘बदललंच पाहिजे’ की ‘सुचवणी’ ते लिहा. स्पेस-कंसांची भांडणं फॉरमॅटरवर (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनावर) सोडा. दहाच्या वर कमेंट झाल्या तर लिहिणं थांबवून शेजारी बसा. कीबोर्ड पोराकडेच, बोट फक्त स्क्रीनकडे.

गोदाकाठ:
वेळेचं म्हणाल तर प्रत्येक सिनियरचा रोज एक तास ठरलेल्या वेळी, आणि तो एस्टिमेटमध्ये धरलेला. न धरलेला तास डेडलाइन आली की पहिला कापला जातो.

भीती हेही गप्प बसण्याचं मोठं कारण आहे. चूक महागात पडणार नाही अशी सोय करा: मेन ब्रँचवर (सगळ्यांच्या मूळ कोडावर) थेट पुश (कोड चढवणं) आणि फोर्स पुश (जुना इतिहास पुसून चढवणं) बंद, प्रॉडक्शन डेटाबेसचा (गिऱ्हाइकांच्या खऱ्या माहितीचा) पासवर्ड नाही, सरावाला शेतकऱ्यांची नावं-नंबर बदललेली कॉपी. पहिल्याच आठवड्यात मुद्दाम हार्ड रिसेट (कोड जुन्या स्थितीला नेणं) मारून रिफ्लॉगमधून (गिटनं ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) कमिट परत आणायला लावा. गिटची (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनाची) सेटिंग बदललेली नसेल तर असा सुटलेला कमिट निदान ३० दिवस सापडतो. जे कमिटच केलं नव्हतं ते मात्र गेलं, हेही तेव्हाच कळतं. मग पोरं आपोआप छोटे कमिट करायला लागतात.

मांजराकाठ:
लई उपयोगाचं सांगितलंत. एक राहिलं: सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) विचारलं की तिघंही ‘चालू आहे’ म्हणतात.

पैठणगेट:
‘कुठपर्यंत आलं?’ विचारूच नका दादा. ‘काल पुश केलेलं दाखव, आणि आता कोणती टेस्ट लाल आहे?’ असं विचारा. संध्याकाळी अर्धवट काम ड्राफ्ट (अजून अपुरा) पुल रिक्वेस्ट म्हणून टाकायचा नियम करा. त्यात दोन दिवस काहीच हललं नाही तर विचारायची वाट न बघता तुम्हीच खुर्ची ओढून शेजारी बसा.