‘सिनर्जिस्टिक’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: भूल देताना दोन स्नायुशिथिलकं)

अनघा: भूलशास्त्राच्या टिपणाचा अनुवाद करते आहे. मुळात म्हटलंय की रोक्युरोनियमबरोबर सिसअ‍ॅट्राक्युरियम दिलं तर परिणाम सिनर्जिस्टिक (बेरजेहून जास्त), व्हेक्युरोनियम दिलं तर अ‍ॅडिटिव्ह (बेरजेइतका). जुन्या मसुद्यात दोन्हीकडे ‘एकत्रित परिणाम’ आहे. काय लिहावं?

निमिष: ‘एकत्रित’ अजिबात नको, डोस या फरकावर ठरतो. रोक्युरोनियमची ईडी-९५, म्हणजे स्नायूचं आकुंचन ९५ टक्के दाबणारा डोस, किलोमागे ०.३ मिग्रॅ, सिसअ‍ॅट्राक्युरियमची ०.०५. निम्मं-निम्मं, म्हणजे ०.१५ आणि ०.०२५ दिलं, तर बेरजेनं एका ईडी-९५ इतकाच परिणाम यायला हवा. प्रत्यक्षात ब्लॉक (स्नायूंचं बंद पडणं) त्याहून गाढ बसतो. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम एकाच घराण्यातली, अमिनोस्टिरॉइड; सिसअ‍ॅट्राक्युरियम दुसऱ्या. तिथे निव्वळ बेरीज. ‘बेरजेचा परिणाम’ छान बसतं.

वैद्य_म: सिनर्जीला ‘योगवाही’ घ्या. आयुर्वेदात मध योगवाही, सोबतच्या द्रव्याचे गुण वाढवतो. शब्द आपला आहे.

निमिष: शब्द सुंदर, पण अर्थ वेगळा. मध वाहक आहे. इथे दोन्ही औषधं स्वतः काम करतात. एक मांडणी अशी की स्नायूवरच्या रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) अ‍ॅसिटाइलकोलीन या मज्जातंतूच्या संदेशवाहकाच्या दोन जागा असतात, रिसेप्टर उघडायला दोन्ही भराव्या लागतात, बंद ठेवायला एक अडवली तरी पुरते. वेगवेगळ्या घराण्यांची औषधं वेगवेगळ्या जागा पसंत करत असावीत.

कोशप्रेमी: मग ‘सहक्रिया’. शिवाय ‘शिथिलक’ तरी कशाला? ‘ढिला’ हा ‘शिथिल’चाच प्राकृतातून आलेला वंशज, तोच वापरा.

अनघा: ‘स्नायू ढिले करणारं औषध’ म्हटलं की रुग्णाला पाठदुखीची गोळी आठवते. इथे श्वासाचे स्नायूही थांबतात, व्हेंटिलेटर लागतो, आणि या औषधानं झोप येत नाही की वेदना थांबत नाही.

रेवती: क्रमासाठीही शब्द हवा. पॅनक्युरोनियमच्या मागून व्हेक्युरोनियमचा छोटा डोस दिला तर तो नेहमीपेक्षा लांबतो, कारण बहुतेक रिसेप्टर अजून पहिल्याच्या ताब्यात असतात. पॅनक्युरोनियमनंतर मिव्हाक्युरियम तर आणखी लांबतं; ते मोडणारं रक्तातलं एन्झाइम, प्लाझ्मा कोलिनेस्टरेज, पॅनक्युरोनियम दाबतं. ‘एकत्र देणे’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. ‘मागून देणे’ वेगळं लिहा.

कोशप्रेमी: आणि रिव्हर्सल, म्हणजे शिथिलकाचा परिणाम उलटवणं? ‘प्रत्यावर्तन’ वाचवत नाही. ‘उतारा’ म्हणा, विषावर म्हणतो तसा.

रेवती: रिव्हर्सलच्या औषधांपैकी सुगामाडेक्सला ‘उतारा’ चालेल, ते रोक्युरोनियमचा रेणूच पोटात घेतं. निओस्टिग्मिन औषधाला हातही लावत नाही, फक्त अ‍ॅसिटाइलकोलीन साठू देतं. गाढ ब्लॉकमध्ये ते अपुरं पडतं.

निमिष: मिश्रणात मेख इथेच आहे. सुगामाडेक्स रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम धरतं, सिसअ‍ॅट्राक्युरियम सोडून देतं. सिसअ‍ॅट्राक्युरियम शरीराच्या तापमानाला आणि पीएचला (आम्लतेच्या पातळीला) आपोआप मोडतं, पण त्याच्या वेळेनं. अंगठ्यावर चार झटक्यांचं गुणोत्तर (मज्जातंतूला चार विद्युत झटके दिल्यावर चौथ्या आकुंचनाचं पहिल्याशी प्रमाण) ०.९ झाल्याशिवाय श्वासाची नळी काढू नये. हे वाक्य अनुवादात जसंच्या तसं राहू द्या.

वैद्य_म: निओस्टिग्मिन काम उलटवतं ना? मग तोही उताराच.

रेवती: निओस्टिग्मिननंतर लगेच सक्सिनिलकोलीन (आणखी एक स्नायुशिथिलक) द्यावं लागलं तर ते लांबतं, कारण ते मोडणारं प्लाझ्मा कोलिनेस्टरेजही निओस्टिग्मिन दाबतं. असल्या औषधाला ‘उतारा’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.