गंगापूरमधून जायकवाडीला पाणी: किती दिवस आणि घट का?

प्रश्न असा आहे की नाशिकच्या गंगापूर धरणातून गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी सोडायचं ठरलं, तर किती दिवस लागतील आणि खाली कमी का पोचतं.

हिशेब सरळ आहे. ३००० क्युसेकने (सेकंदाला ३००० घनफूट) जवळजवळ ४ दिवस, १००० ने साडेअकरा. पण हळू सोडणं म्हणजे काटकसर नव्हे. कोरडं पात्र आधी स्वतः पितं, डोह भरतात, आणि जितके दिवस वाढतील तितका मुरण्याला आणि काठावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारींना वाव मिळतो. म्हणून सुरुवातीला विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवावा (काठावरची माणसं-जनावरं हलवायला वेळ हवाच) आणि मग तो मोठा व स्थिर ठेवावा.

खरी अडचण वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे फळ्या टाकून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांची. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला बघतात. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी द्यायचं. बंधाऱ्यांत फळ्या टाकण्याचे दिवसही नेमके हेच! एकदा पाणी अडलं की दाबाखाली फळ्या निघत नाहीत, मोडतात. निर्णय होईपर्यंत फळ्या टाकूच नयेत, हे माझं ठाम मत.

वाटेतल्या नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यावर कालव्यांची दारं बंद आहेत का, गळती किती, हे पाणी पोचण्याआधी तपासावं. आणि धरणातली पातळी उतरते तसा, दारं तेवढीच उघडी असली तरी, विसर्ग घटतो. दारं पातळी-विसर्गाच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा लावली नाहीत तर कागदावरचा १ टीएमसी धरणाच्या पायथ्याशीच कमी भरतो.