दिवसभर फ्लाइंग असेल तर डोकं ताजं कसं ठेवता?

उलटा_लूप

नमस्कार मंडळी. मी आरसी, म्हणजे रिमोटने उडणारी छोटी विमानं उडवतो, सगळी इलेक्ट्रिक, बहुतेक फोमची, आता एक लाकडी लो-विंग पण आलंय. विमानात काही प्रॉब्लेम नाहीये, प्रश्न माझ्या डोक्याबद्दल आहे. सकाळच्या पहिल्या फ्लाइट एकदम मस्त जातात, विमान कुठे आहे, पुढच्या क्षणी कुठे असणार आहे, सगळं आपोआप कळत असतं. दुपार व्हायला लागली की काहीतरी बदलतं. बोटं ठीक चालतात पण विचार किंचित मागे राहतोय असं वाटतं. विमान तोंड करून माझ्याकडे येत असेल तर एलेरॉन (विमान कुशीवर कलवणारी पंखांवरची झडप) डावीकडे द्यायचा की उजवीकडे याचा सकाळी विचारच करावा लागत नाही, दुपारी करावा लागतो. लँडिंगला पण तेच, शेवटचं वळण घ्यायला उशीर होतो आणि मग विमान रनवेच्या पलीकडे जातं, परत गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर घेऊन चक्कर.

गंमत म्हणजे झोप आलेली नसते, जांभया नाहीत, काही नाही. पुढे दोन दिवसांचं फ्लाय-इन (सगळ्यांनी जमून उडवायचा मेळावा) आहे आणि मला दोन्ही दिवस नीट उडवायचंय. तुम्ही लोक काय करता? कॉफी, ब्रेक, गॉगल, झोप, जे काही असेल ते सांगा. आणि मुख्य म्हणजे आपण थकलोय हे वेळेवर कळतं कसं?

शेपटीपंख

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण सगळं तिथेच आहे. वेळेवर कळत नाही. ज्या डोक्याने ठरवायचं की मी थकलोय का, तेच डोकं थकलेलं असतं, त्यामुळे उत्तर कायम "अरे ठीक आहे, अजून एक होऊन जाऊ दे" असंच येतं. म्हणून मी मैदानावर काही ठरवतच नाही, किती फ्लाइट करायच्या ते घरून निघताना ठरतं आणि तिथे जाऊन तो आकडा कमी करायची परवानगी आहे, वाढवायची नाही.

आता दुसरी गोष्ट. आपल्याला वाटतं उडवून दमलो, पण बघ ना, टायमर ५-६ मिनिटांचा असतो, त्यात दमायला असं काय होतं? दमवतो तो मधला वेळ. उन्हात उभं राहणं, मान वर करून दुसऱ्यांची विमानं बघणं, कुणाचं तरी रिसीव्हर बाइंड होत नाहीये (रिमोटशी जोडलं जात नाहीये) त्यात डोकं घालणं, बोलणं, परत बोलणं. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवून बसणाऱ्यांचा प्रश्न सोडवायला एक प्रयोग केला होता. घड्याळासारख्या डायलवर एक काटा टिकटिक करत पुढे सरकतो आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी दिसली की बटण दाबायचं, असं दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांकडून उड्या सुटायला लागल्या. तू दिवसभर आकाशाकडे बघत उभा असशील तर तुझी अर्ध्या तासाची चांगली नजर दुसऱ्यांची विमानं बघण्यातच खर्च होते आणि स्वतःच्या विमानाला उरलेली मिळते.

म्हणून दोन फ्लाइटच्या मधे फ्लाइटलाइनपासून लांब जाऊन बस. सावलीत, पाठ टेकून, आकाशाकडे पाठ करून. मोबाइल पण नको, मोबाइल म्हणजे परत जवळचं बारीक बघणं, डोळ्यांना त्यात आराम नाही. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, सगळे तिकडे हसतायत, बोलतायत आणि आपण एकटे खुर्चीत, पण दुपारच्या लँडिंगमध्ये फरक स्पष्ट दिसतो.

ओरिएंटेशनबद्दल, म्हणजे विमानाचं तोंड कुठे आहे ते ओळखण्याबद्दल, तू जे लिहिलंयस ते अगदी बरोबर पकडलंयस. दमलं की सगळ्यात आधी तेच घसरतं, कारण तोंडावर येणाऱ्या विमानाला डोक्यात आरसा फिरवावा लागतो. त्याला जुनी युक्ती आहे, जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक ढकलायची, जणू खालून टेकू देतोय. आरशाचा हिशोब करावाच लागत नाही. पण मी तर म्हणेन की ही युक्ती मुद्दाम आठवावी लागली ना, की ती फ्लाइट तिथेच संपवून उतरायचं. तुझा थकवा मोजायचं मीटर तेच आहे, जांभई नाही.

निळंआभाळ

शेपटीपंख यांच्याशी सहमत. माझ्याकडून फक्त डोळ्यांचं सांगते.

टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि मग विमान किंचित धूसर दिसायला लागतं. आपल्याला वाटतं विमान लांब गेलंय. मुद्दाम पापण्या मिटायची सवय लाव, विमान दूर आणि सरळ जात असताना. टोपीला पुढे मोठी कड हवीच. गॉगल घे पण पोलराइज्ड घेऊ नकोस, ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) स्क्रीन ठरावीक कोनातून काळीठिक्कर दिसते आणि टेलिमेट्री (विमानाकडून येणारे आकडे) वाचायला मान वाकडी करत बसावं लागतं. आणि विमान सूर्यासमोर गेलं तर घाबरून स्टिक हलवायच्या नाहीत, आहे तशा धरायच्या, ते पलीकडून बाहेर येतं. त्या एका सेकंदाच्या घबराटीने माणूस जितका दमतो तितका अख्ख्या फ्लाइटमध्ये दमत नाही असं माझं मत आहे.

पाणी. तहान लागायची वाट बघू नकोस, प्रत्येक फ्लाइटनंतर थोडं थोडं.

रात्रपाळी

मी कामाला शिफ्टमध्ये आहे त्यामुळे झोप हा माझा जिव्हाळ्याचा विषय, जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

फ्लाय-इनच्या आदल्या रात्री सगळे काय करतात? बॅटऱ्या चार्ज, विमानाचं काहीतरी राहिलेलं चिकटवणं, सर्व्हो बदलणं, आणि मग पहाटे उठून निघायचं कारण सकाळी वारा कमी असतो. म्हणजे झोप चार-पाच तास. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या दोघांचा अभ्यास नेचर मध्ये आला होता, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते. कितीतरी देशांत एवढ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. आता पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला स्वतः गाडी चालवत घरी परत येत असतो तेव्हा त्याचे १७ तास झालेले असतात, दिवसभराचं ऊन वेगळंच. विमान सोडा, मला जास्त काळजी त्या परतीच्या ड्रायव्हिंगची वाटते. तेव्हा विमानाची सगळी कामं दोन दिवस आधी संपवा, आदल्या रात्री फक्त बॅग भरायची आणि झोपायचं.

कॉफी चालते पण तिचं वेळापत्रक समजून घ्या. प्यायल्यावर पूर्ण असर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि साधारण पाच तासांनी सुद्धा निम्मं कॅफीन शरीरात शिल्लक असतं. म्हणजे दुपारी चारची कॉफी रात्री नऊला निम्मी जागी असते आणि तुमचं फ्लाय-इन दोन दिवसांचं आहे, दुसऱ्या दिवसाची झोप तिथेच गेली. शिवाय ज्यांचे हात टेन्शनने थरथरतात त्यांना जास्त कॉफीने अजून थरथर होते. मी दुपारनंतर घेत नाही.

दुपारी २० मिनिटं आडवं होता आलं तर सोनं. गाडीची सीट मागे करून, खिडक्या उघड्या ठेवून, गाडी सावलीत लावून, अलार्म लावून. जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. आणि उठल्या उठल्या ट्रान्समीटर हातात घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, तोपर्यंत मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो.

एक मुद्दा कुणी बोलत नाही तो औषधांचा. सर्दीच्या, ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, खास करून जुन्या प्रकारच्या, क्लोरफेनिरामाइन वगैरे. पाकिटावर लिहिलेलं असतं की गाडी चालवू नये. विमानालाही तेच लागू.

स्टिकप्लेन_ताई

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण शेपटीपंख दादांच्या एका गोष्टीवर माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. आकडा आधी ठरवणं हे घरच्या मैदानावर ठीक. मी एफ३ए (आरसी विमानांच्या कसरतींच्या) स्पर्धा उडवते, तिथे राउंड कधी लागणार ते आयोजक ठरवतात, माझा नंबर भर दुपारी आला तर दुपारीच उडवायचं, पर्याय नसतो. तेव्हा थकवा टाळण्यापेक्षा असलेली ताकद कुठे खर्च करायची ते शिकावं लागतं.

मी काय करते तर माझ्या आधीच्या दोन-तीन पायलटांच्या फ्लाइट बघत नाही. त्यांचं चांगलं झालं तरी डोकं फिरतं, वाईट झालं तरी फिरतं. त्या वेळात काठीवर लावलेलं छोटं विमान हातात घेऊन अख्खा सिक्वेन्स एकदा हळू चालत करते, एकदाच, प्रत्येक मॅन्यूव्हरच्या शेवटी विमान कुठल्या दिशेला आणि कुठल्या उंचीवर असेल ते तोंडाने बोलत. मग नुसतं बसून श्वास, आत घेताना चार मोजायचे आणि सोडताना सहा-सात. सोडायचा श्वास लांब ठेवला की हृदयाचे ठोके खरंच खाली येतात. आणि वर गेल्यावर पकड तपासायची, प्रत्येक सरळ भागात खांदे खाली सोडायचे. अंगठे पांढरे पडलेत का बघा, किती तरी लोक ट्रान्समीटर असा आवळून धरतात की उतरल्यावर मनगट दुखतं. गळ्यात पट्टा लावा, वजन मानेवर आणि हात मोकळे.

बोलण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के. प्रवासी विमानांत अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे, १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त गप्पा नाहीत. मी माझ्या कॉलरला (शेजारी उभं राहून सूचना बोलणाऱ्याला) सांगून ठेवलंय की टायमरची शेवटची दीड मिनिटं त्याने फक्त वारा, उंची आणि रनवे मोकळा आहे का एवढंच बोलायचं. मागे उभं राहून कोणी "मस्त लूप होता" म्हटलं तरी हात वर करून थांबवते, नंतर जाऊन सॉरी म्हणते.

उलटा_लूप

बाप रे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. आकाशाकडे पाठ करून बसायचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, मी तर दिवसभर स्पॉटर (दुसऱ्यांच्या विमानांवर नजर ठेवणारा) म्हणून उभा असतो कारण मला आवडतं.

एक शंका. आकडा आधी ठरवला, समजा पाच, पण बॅटऱ्या आठ चार्ज करून नेलेल्या असतात, वारा बदलला, कुणाला पाहिजे असेल म्हणून. मग त्या तीन भरलेल्या लायपो (लिथियम पॉलिमर बॅटऱ्या) परत आणायच्या जिवावर येतं. भरलेल्या ठेवल्या की खराब होतात म्हणतात. खरं सांगायचं तर माझ्या शेवटच्या फ्लाइट याच कारणाने होतात, उडवावंसं वाटतंय म्हणून नाही.

शेपटीपंख

हे लिहिलंस ते फार बरं केलंस, बहुतेकांचं हेच असतं आणि कोणी बोलत नाही.

भरलेली लायपो ४.२ व्होल्ट प्रति सेलवर आठवडे पडून राहिली तर खराब होते हे खरं, पण संध्याकाळी घरी जाईपर्यंत काहीही होत नाही. चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो, तो सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवतो. हॉबी चार्जर डिस्चार्ज हळू करतात, वेळ लागतो, लक्ष ठेवून करायचं आणि तोपर्यंत त्या खोलीत आपण जागे असायचं. तेवढाही ताप नको असेल तर ठरलेल्या आकड्याइतक्याच भर, बाकीच्या स्टोरेजवर ने, लागलीच तर मैदानावर चार्ज कर. चार्ज व्हायला जो पाऊण-एक तास जातो तो तुझा सक्तीचा ब्रेक.

स्पॉटरचं काम कर ना, छान काम आहे, पण वाटून घ्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल यांच्या टीमचं पाच किलोपेक्षा हलकं मॉडेल न्यूफाउंडलँडहून आयर्लंडला अटलांटिक ओलांडून गेलं, ३८ तास ५२ मिनिटं. टेकऑफ हाताने, मधलं सगळं ऑटोपायलटवर, आणि उतरवलं ते पलीकडच्या किनाऱ्यावर वाट बघत थांबलेल्या दुसऱ्या पायलटने. अंतरामुळे तसं करावंच लागलं हे उघड आहे, पण मला त्यातलं हेच आवडतं की सगळ्यात नाजूक काम वेगळ्या, ताज्या हातांकडे गेलं. तुला दुपारी लँडिंग जड वाटत असेल आणि शेजारी तुझं विमान ओळखणारा माणूस असेल तर सरळ ट्रान्समीटर त्याच्या हातात दे. फक्त उंची असताना दे, फायनलवर (उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) नको, आणि दोघांचा मोड (कुठली स्टिक काय करते ती मांडणी) एकच आहे ना हे सकाळीच विचारून ठेव.

रात्रपाळी

जाता जाता एक, कारण सगळे हवेतलंच बोलतायत. दमलेल्या माणसाचा सगळ्यात वाईट क्षण जमिनीवर असतो, बॅटरी जोडताना. ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्याच विमानाचं मॉडेल सिलेक्ट राहिलेलं, थ्रॉटल कट (मोटर बंद ठेवणारा स्विच) लावलेला नाही, आणि हात प्रॉपच्या पुढे. इलेक्ट्रिक मोटर न सांगता फिरते आणि बोटं सरळ कापते. त्यामुळे दुपारनंतर मी क्रम मोठ्याने बोलतो, लाज न वाटता: ट्रान्समीटर चालू, मॉडेलचं नाव वाच, थ्रॉटल कट, विमान कुणीतरी धरलेलं किंवा बांधलेलं, हात मागून, मग बॅटरी. त्यानंतर एलेरॉन, एलिव्हेटर, रडर कुठल्या दिशेला हलतात ते बघायचं, नुसते हलतात का एवढं नाही. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढायची, ट्रान्समीटर शेवटी बंद. यातली एखादी पायरी बोलायची राहिली आणि मागून कुणाला तरी सांगावी लागली तर त्या दिवशी माझं विमान गाडीत जातं.

उलटा_लूप

मॉडेल सिलेक्शनचं माझ्या यादीत नव्हतं, आता ट्रान्समीटरच्या मागे पट्टी चिकटवून लिहून ठेवतो. फ्लाय-इनला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी तीन असं धरलंय आणि तेवढ्याच बॅटऱ्या भरणार. ताई, तो काठीवरचा छोटा प्लेन घरी बनवता येतो का, की फोमच्या तुकड्यावर पण चालतं?

स्टिकप्लेन_ताई

फोमचा तुकडा कापून केलास तरी चालतो रे, फक्त वरची आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची कर आणि रंग तुझ्या खऱ्या विमानाचेच घे, म्हणजे सराव करताना डोळ्यांना तीच ओळख पक्की होते.