सायलोसायबिनच्या ट्रायलमध्ये रुग्णाला गट ओळखू येतोच, मग आकडे वाचायचे कसे?

मनोविकार_पीजी:

जर्नल क्लबसाठी (पेपरवर चर्चा करायची आमची सभा) सायलोसायबिन घेतलंय, म्हणजे काही मश्रूममधलं भ्रमजनक द्रव्य. मुख्य पेपर गुडविन आणि सहकाऱ्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, नोव्हेंबर २०२२. दोन ते चार औषधांना दाद न दिलेल्या नैराश्याचे २३३ रुग्ण, एकदाच दिलेला डोस, तीन गट: २५, १० आणि १ मिलिग्रॅम. तीन आठवड्यांनी माड्रस (नैराश्याची तीव्रता मोजणारी श्रेणी) स्कोअर २५ च्या गटात १२.० ने उतरला, १० च्या गटात ७.९ ने आणि १ च्या गटात ५.४ ने.

अडचण उघड आहे. डोळे मिटले की ज्याला नक्षी दिसायला लागते, त्याला आपण कुठल्या गटात आहोत हे सांगावं लागत नाही. मग याला डबल ब्लाइंड, म्हणजे कोण कुठल्या गटात हे रुग्ण आणि तपासणारा दोघांनाही माहीत नाही असं, म्हणायचं कशाच्या जोरावर? तीन गोष्टी हव्यात. एक, ब्लाइंडिंग टिकवायला आजवर काय काय करून पाहिलं आणि ते कुठे फसलं. दोन, ब्लाइंडिंग फुटलंय हे धरून आकडा कसा वाचायचा. तीन, आपल्याकडे कायद्याने यातलं काय शक्य आहे. बातम्यांच्या लिंक नकोत, त्या भरपूर वाचून झाल्यात.

ट्रायल_मॉनिटर:

हा प्रश्न साठ वर्षांपेक्षा जुना आहे. २० एप्रिल १९६२, बॉस्टनचं मार्श चॅपल. वॉल्टर पाह्नकेने धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांपैकी दहा जणांना सायलोसायबिन दिलं, दहा जणांना नायसिन (बी३ जीवनसत्त्व). नायसिनने चेहरा लाल होतो, अंगात ऊब येते, त्यामुळे आपल्यालाच खरं औषध मिळालं असं नियंत्रण गटाला वाटावं, हा हिशोब. सुरुवातीला तसं वाटलंही. पण ती ऊब ओसरली, तोवर दुसऱ्या दहा जणांचा अनुभव चढत गेला, आणि कोण कुठल्या गटात आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तरी नायसिन अजून वापरतात. २०२३ च्या जामा या वैद्यकीय जर्नलमधल्या १०४ रुग्णांच्या सायलोसायबिन ट्रायलमध्येही तुलनेला १०० मिलिग्रॅम नायसिनच होतं.

पुढे वेगवेगळी औषधं आजमावून झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २००६ मध्ये तुलनेला मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक घेतलं. दारूच्या व्यसनावरच्या २०२२ च्या ट्रायलमध्ये (९५ रुग्ण) डायफेनहायड्रामिन दिलं, ज्याने गुंगी आणि कोरडं तोंड येतं. तिथेही नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा रुग्णांनी गट बरोबर ओळखला. तुमच्या पेपरने तिसरा रस्ता धरला: त्याच औषधाचा नगण्य डोस. याचा फायदा असा की संमतीपत्रात 'सर्वांना सायलोसायबिन मिळेल' असं खरं लिहिता येतं, आणि कमी डोसवाला लगेच हिरमुसत नाही.

हे हिरमुसणं हलक्यात घेऊ नका. माणूस महिनोन् महिने वाट बघतो, चालू गोळ्या बंद करतो, आणि त्या दिवशी काहीच होत नाही. त्याचा स्कोअर सुधारायचा थांबतो, कधी बिघडतोही. दोन गटांतला फरक मग दोन्ही बाजूंनी फुगतो: इकडे आशेने, तिकडे निराशेने. म्हणून फरकाच्या आधी नियंत्रण गटाचा आकडा बघायचा. १ मिलिग्रॅमवाले ५.४ ने उतरले. नैराश्याच्या नेहमीच्या ट्रायलमध्ये नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर) याहून बरीच जास्त घट दिसते. हे रुग्ण औषधांना न जुमानणारे आहेत हे खरं, पण निराशेचा वाटा किती, हा प्रश्न सभेत विचारलाच पाहिजे.

आता वजाबाकी. १२.० मधून ५.४ गेले, उरले ६.६. माड्रस ० ते ६० असतो. औषधाच्या नावावर मांडायचे ते हे ६.६, बातम्यांत मात्र १२ फिरतात. तुमच्या पेपरातली ट्रायल करणाऱ्या औषध कंपनीने जून २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल जाहीर केला: २५८ रुग्ण, २५ मिलिग्रॅम विरुद्ध निष्क्रिय प्लासिबो, सहा आठवड्यांनी फरक ३.६. दोन्ही आकडे एकाच स्लाइडवर ठेवा.

'सगळ्यांनी ओळखलं म्हणजे ट्रायल फुकट' हेही मला पटत नाही. डोसची चढती पायरी बघा. २०२५ मध्ये जामात आलेली एलएसडीची ट्रायल, चिंताविकाराचे १९८ रुग्ण, २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम. ५० मायक्रोग्रॅमला माणसाला काहीतरी झाल्याचं चांगलं जाणवतं, तरी चार आठवड्यांनी तो गट प्लासिबोच्या पुढे गेला नाही. १०० आणि २०० गेले. तुमच्या पेपरातला १० मिलिग्रॅमचा गटही १ च्या तुलनेत लक्षणीय ठरला नाही. नुसतं 'मला औषध मिळालं' हे कळण्याने गुण येत असता, तर या मधल्या डोसनाही आला असता.

उलट बाजूचा पुरावाही ठेवा, आणि तो केटामाइनचा आहे. स्टॅनफर्डमध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या ४० नैराश्यग्रस्त रुग्णांना भुलेतच केटामाइन किंवा सलाइन दिलं (२०२३). कोणाला काय मिळालं ते ओळखायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही गट सारखेच सुधारले, आणि भरपूर सुधारले. अपेक्षेची ताकद दाखवणारा इतका स्वच्छ प्रयोग या क्षेत्रात दुसरा मला माहीत नाही.

थेरपी_रूम:

वरचं उत्तम आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष काय होतं ते जोडते, कारण ब्लाइंडिंग खोलीतच फुटतं.

सुरुवात गाळणीपासून. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात सायकोसिस किंवा बायपोलर असेल तर बाहेर. रक्तदाब आटोक्यात नसेल, ईसीजीवर क्यूटी (ठोक्यातला एक ठरावीक कालावधी) लांबलेला असेल तरी बाहेर. लिथियम चालू असताना सायलोसायबिन किंवा एलएसडी घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तिथे तडजोड नाही. एसएसआरआय या नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी अनुभव बोथट होतो, म्हणून ते उतरवून बंद करतात. तुमच्या पेपरात बेसलाइनच्या (डोसआधीच्या पहिल्या मोजणीच्या) आधी किमान दोन आठवडे. त्यांतलं फ्लुओक्सेटिन शरीरात फार रेंगाळतं, त्याला पाच-सहा आठवडे धरावे लागतात. इथेच एक खोच आहे: गोळी बंद केल्याने होणारी चिडचिड, झोपमोड, रडू हे सगळं बेसलाइन स्कोअरमध्ये शिरतं. ते आपोआप शमलं तरी कागदावर सुधारणाच दिसते.

मग तयारीच्या बैठका. भीती वाटली तर काय करायचं, उठून जावंसं वाटलं तर काय, हात धरलेला चालेल का. स्पर्शाची संमती डोसच्या आधी, शुद्धीत आणि लेखी घ्यायची. चढल्यावर मिळालेला होकार धरायचा नाही. हा नियम आधीच्या वाईट अनुभवांतून आलाय. एमडीएमएच्या (पार्ट्यांतलं 'एक्स्टसी', पीटीएसडी म्हणजे आघातानंतरच्या विकारावर आजमावलेलं) ट्रायलच्या दुसऱ्या टप्प्यात एका केंद्रावर थेरपिस्टांनी मर्यादा ओलांडल्या होत्या, आणि त्या माहितीवर उभे असलेले तीन पेपर ऑगस्ट २०२४ मध्ये मागे घेतले गेले.

डोसच्या दिवशी कोच, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, ठरलेलं संगीत. थेरपिस्ट आणि सोबत एक मदतनीस. कॅप्सूल पोटात गेल्यावर सायलोसायबिनचं सायलोसिन होतं, अर्ध्या-पाऊण तासात जाणवायला लागतं, दीड-दोन तासांवर शिखर, सहा तासांच्या आसपास उतार. रक्तदाब मधेच चढतो, म्हणून ठरावीक वेळांनी मोजत राहायचं. सोबतीला माणूस असल्याशिवाय घरी सोडायचं नाही, गाडी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी आणि साधारण आठवड्याने पुन्हा बैठक.

आता बघा, चौथ्या तासाला रुग्ण शांत पडून घड्याळ बघतोय, तर थेरपिस्टलाही कळलेलं असतं. तिचा आवाज, तिचा उत्साह, पुढच्या बैठकीतले प्रश्न, सगळं बदलतं. त्यामुळे स्कोअर तिने घ्यायचाच नाही. तुमच्या पेपरात तो लांबून, फोनवर, गट माहीत नसलेल्या रेटरने (स्कोअर देणाऱ्या तपासनिसाने) घेतलाय. रुग्ण त्याला 'त्या दिवशी मला रंग दिसले' असं सांगून बसतोच, म्हणून बैठकीबद्दल बोलायचं नाही ही सूचना प्रत्येक फोनच्या सुरुवातीला पुन्हा द्यावी लागते.

सुरक्षिततेचा तक्ता गाळू नका. २५ मिलिग्रॅमच्या गटात तिघांत आत्महत्येचं वर्तन दिसलं, तेही डोसनंतर चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळाने, आणि तिघांनाही गुण आलेला नव्हता. पाठपुरावा पहिल्या महिन्यावर थांबवला तर नेमकी हीच माणसं निसटतात. आणि १२ आठवडे टिकलेला गुण २५ च्या गटात फक्त सुमारे २० टक्क्यांना.

कलम_आठ:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सायलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए हे तिन्ही एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ खाली मनोसक्रिय द्रव्यं आहेत. कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणाचा अपवाद आहे, पण ठरवून दिलेल्या परवान्यांतूनच. ट्रायल करायची तर त्यावर २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची नोंदवही) नोंदणी. खासगी दवाखान्यात 'सायलोसायबिन थेरपी' देतो असं कोणी सांगत असेल तर ते बेकायदेशीर आहे, मग खोली कितीही सुंदर सजवलेली असो.

गोव्याच्या पार्ट्यांमुळे एलएसडीत भिजवलेला कागद किरकोळ समजणारे बरेच आहेत, म्हणून वजनाचं गणित सांगतो. एलएसडीची व्यावसायिक मात्रा ०.१ ग्रॅमपासून सुरू होते, आणि तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. शुद्ध द्रव्य धरलं तर १०० मायक्रोग्रॅमचे हजार डोस. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कागदाचं वजनही धरायचं म्हटलं. एका डोसचा कागदी चौकोन दहा-पंधरा मिलिग्रॅमचा असेल तर सात ते दहा चौकोनांतच ती रेषा ओलांडली जाते.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि पीटीएसडीसाठी एमडीएमए लिहून द्यायची मुभा दिली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने नोव्हेंबर २०२० च्या मतदानातून वेगळी वाट काढली, तिथे रोगनिदान लागतच नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए नाकारलं आणि आणखी एक तिसऱ्या टप्प्याची ट्रायल मागितली; त्याआधी जूनमध्ये सल्लागार समितीने परिणामकारकतेवर ९ विरुद्ध २ असं प्रतिकूल मत दिलं होतं.

आपल्याकडे कायदेशीर आहे ते केटामाइन. एनडीपीएसच्या यादीत तेही आहे, पण भुलेचं औषध म्हणून इस्पितळात असतं. नैराश्यासाठीचा अभ्यासलेला डोस ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो, शिरेतून ४० मिनिटांत. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. भूलतज्ज्ञ आणि मॉनिटर हवाच. एका डोसचा गुण बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा होते.

आणि धोतऱ्यानेही भास होतात म्हणून कोणी त्याचा विषय काढला तर तिथेच थांबवा. धोतऱ्यातले अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अॅसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचं संदेशद्रव्य अडवतात. त्यातून येतो तो भ्रम, ताप आणि स्मृतिभंग. सायलोसायबिन मेंदूतल्या ज्या ५-एचटी२ए रिसेप्टरवर काम करतं त्याच्याशी याचा संबंध नाही, आणि विषारी मात्रा बियागणिक बदलते.

मनोविकार_पीजी:

खूप आभार. एक शंका उरली. 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं' हा प्रश्न रुग्णाला कधी विचारायचा? एमडीएमएच्या २०२३ च्या पेपरात औषध गटातल्या ९४ टक्क्यांनी आणि प्लासिबो गटातल्या ७५ टक्क्यांनी बरोबर ओळखलं असं आहे.

ट्रायल_मॉनिटर:

दोनदा. पहिल्यांदा डोसच्या दिवशी, घरी सोडण्यापूर्वी. तेव्हाचं उत्तर अनुभवावरून येतं. दुसऱ्यांदा शेवटच्या स्कोअरनंतर. तेव्हा बरं वाटतंय म्हणून 'औषधच असणार' असा अंदाज मिसळतो, आणि तो ब्लाइंडिंगचा दोष नसून गुणाचा परिणामही असू शकतो. फक्त शेवटी विचारलं तर हे दोन वेगळे करता येत नाहीत. सोबत 'किती खात्री आहे' हे ० ते १०० मध्ये आणि 'कशावरून वाटलं' हे एका ओळीत घ्या. उपचाराबद्दलची अपेक्षा मात्र डोसच्या आधीच नोंदवायची, नंतर ती परत मिळत नाही.

त्या पेपरातला ७५ चा आकडा वेगळा दाखवा. त्याच गटातले ४७.६ टक्के रुग्ण नुसत्या थेरपीवर पीटीएसडीच्या निकषांबाहेर गेले, औषध गटात ७१.२ टक्के. आपल्याला औषध मिळालेलं नाही हे बहुतेकांनी ओळखलेल्या गटात निम्मे लोक बरे झाले, यावर सभेत चर्चा लावा.