टाके, कळा आणि लव्हेंडरचा वास
ताई, आईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गोळ्या बंद करून टाक्यांभोवती लव्हेंडर तेल लावायचा सल्ला तुम्हाला वरच्या एका उत्तरात मिळालाय, तो तेवढा ऐकू नका. तेल जखमेजवळ नकोच. रुमालावर दोन थेंब टाकून उशाशी ठेवायचा, बस.

आमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावात झालं, तेव्हा मी तेच केलं. पहिल्याच वासाला म्हणाल्या, "साबणासारखं काय गं हे?" मग शहापुरातून मोगऱ्याचा गजरा आणला, तो उशाशी ठेवल्यावर जरा डोळा लागला. दुखणं काही गेलं नाही, पण जीव घाबरा व्हायचा थांबला आणि घाबरेपणा कमी झाला की कळही सोसवते. लव्हेंडरमधल्या लिनालूल या वासाच्या घटकावर बरेच अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान. शिवाय तुलनेसाठी काहींना खरं तेल देतात, काहींना नाही, पण वास लपवता येत नाही, त्यामुळे आपल्याला खरं तेल मिळालं का हे पेशंटला कळतंच, मग निकालावर भरवसा कसा ठेवायचा!

मळमळीवर मात्र एक साधी गोष्ट चालते. इंजेक्शनआधी कातडी पुसतात ना, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलची पट्टी. नाकाशी धरून दोन-तीन खोल श्वास घ्यायला लावा, नर्सला विचारून.

दमा असेल तर यातलं काहीच नको. ऑक्सिजन लावलेला असताना तेल, उदबत्ती, धूप जवळ आणू नका, पेट घेतं. आणि खानापूरहून कुणी निलगिरीचं तेल आणून दिलं तर ते पोटात घ्यायचं नसतं, घरात लहान पोरं असतील तर वर ठेवा.

गोळ्या वेळेवर द्या. कळ वाढल्यावर दिली की उतरायला वेळ लागतो.